टाकीवर आरएक्स १००, आत पाच गिअर: गाडी नक्की कुठली आणि तिच्यात पेट्रोल-ऑइल कुठलं टाकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळच्या गावात काकांची यामाहा दहा-एक वर्षं गोठ्याशेजारच्या खोलीत उभी आहे. आरसी बुकावर १९९१ साल, नंबर एमएच ११ चा, टाकीवर आरएक्स १०० लिहिलंय, पण गावातल्या फिटरने गिअर मोजले तर १०० च्या चाराऐवजी पाच लागले आणि तो म्हणाला ही १०० नाहीच, १३५ आहे. आता गाडी चालू करायची आहे. पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलशिवाय दुसरं साधं पेट्रोल मिळत नाही. आणि ऑइलबद्दल एक जण म्हणतो बुलेटचं १५डब्ल्यू५० (हा ऑइलच्या जाडीचा आकडा) टाक, दुसरा म्हणतो हिला इंजिन ऑइल नसतंच, नुसतं टूटी (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल) टाक, तिसरा म्हणतो हीरोचा नऊशे मिलीचा डबा ओत आणि विषय संपव.

तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, आणि तिघांपैकी कुणाही एकट्याचं ऐकलं तर गाडीचं काहीतरी जाणार. टूटी नाही टाकलं तर पिस्टन सीझ होणार, नुसतं टूटी टाकलं आणि गिअरबॉक्स कोरडा ठेवला तर गिअर आणि क्लच जाणार. म्हणून जरा लांब लिहितोय, पण पूर्ण वाचा. माझं एवढंच म्हणणं आहे की ऑइल टाकीवरच्या स्टिकरवरून ठरवायचं नसतं, ते ऑइल इंजिनात कुठं जातंय त्यावरून ठरतं. जळायला जातंय, क्लच प्लेटा भिजवायला जातंय, की नुसत्या गिअरना जातंय. आणि जुन्या गाडीचं पेट्रोल ऑक्टेनवरून बघायचं नसतं, कार्बोरेटरमधलं रबर आणि जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बघून ठरवायचं असतं. म्हणजे दोन्हीसाठी आधी इंजिन कुठलं ते कळलं पाहिजे, गाडीचं नाव नंतर.

तर आधी ओळख. टाकी, साइड पॅनल, स्टिकर, हेडलाइट, यातलं काहीही पुरावा म्हणून धरू नका. आरएक्सच्या बाबतीत तर अजिबात नाही, कारण या गाड्यांना मागणी एवढी आहे की १३५ वर १०० ची टाकी चढवून विकणारे भरपूर आहेत, आणि उलटंही होतं, १०० च्या चेसिसमध्ये जास्त ताकदीसाठी १३५ चं पाच गिअरवालं इंजिन बसवतात. बोल्टं बऱ्यापैकी जुळतात त्यामुळे बाहेरून कळतच नाही.

आरसी बुक हातात घ्या. त्यावर मेकर म्हणून एस्कॉर्ट्स दिसलं तर घाबरू नका, ती यामाहाच आहे, कारण १९८५ ला आरएक्स १०० आली ती एस्कॉर्ट्स कंपनी यामाहाच्या सहकार्याने बनवायची. फक्त लक्षात ठेवा, राजदूतही एस्कॉर्ट्सचीच, त्यामुळे नुसत्या मेकरवरून ठरत नाही, शेजारचा सीसीचा आकडा बघायचा. ९८ असेल तर आरएक्स १००, १७३ असेल तर राजदूत, १३२ असेल तर आरएक्सजी किंवा आरएक्स १३५. आता तुमचं साल १९९१ आहे. १३२ सीसीवाल्या गाड्या धुराचे नियम कडक झाल्यावर १९९६ च्या पुढं आल्या, तेव्हाच आरएक्स १०० बंद झाली. म्हणजे १९९१ च्या कागदावर पाच गिअरचं १३५ असूच शकत नाही. एमएच ११ चा नंबरही जुळतो, एमएच वाली पद्धत १९८९ पासूनची, त्याआधीच्या गाड्यांना एम ने सुरू होणारी तीन अक्षरं असायची. थोडक्यात कागद १०० चा आहे आणि चेसिस बहुतेक १०० चंच असणार, गडबड असेल तर इंजिनात आहे. फिटरही खोटं बोलत नाही आणि आरसीही खोटं बोलत नाही, दोघं गाडीच्या दोन वेगळ्या भागांबद्दल बोलतायत.

हे पक्कं करायला दोन नंबर बघा. चेसिस नंबर हँडलच्या खाली, गळ्याच्या पाइपवर पंच केलेला असतो, हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की दिसतो. इंजिन नंबर क्रँककेसवर, ब्लॉकच्या (सिलिंडरच्या) खालच्या अंगाला. त्यावर दहा वर्षांची धूळ आणि ऑइलचा थर असणार, तो रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये बुडवलेल्या चिंधीने आणि जुन्या टूथब्रशने काढा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका, अक्षरं झिजली तर उद्या आरटीओत पासिंगच्या वेळी तुम्हालाच जाब द्यावा लागेल. साफ झाल्यावर त्यावर खडूची पूड चोळा आणि वरून हलक्या हाताने पुसा, खड्ड्यात पांढरं राहतं आणि नंबर स्पष्ट वाचता येतो. नाहीतर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओत चेसिस प्रिंट घेतात तसंच. अक्षरांची खोली एकसारखी आहे का, ओळ सरळ आहे का, आजूबाजूची धातू घासल्यासारखी चकचकीत तर नाही ना, हे नीट बघा. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरका असेल तर तिथंच थांबायचं, पुढचा खर्च करायचा नाही, आधी कागदपत्रं तपासायची.

इंजिन नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळला नाही, तर इंजिन बदललेलं आहे. इंजिन बदलणं म्हणजे गुन्हा केला असं नाही, पण ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीवर चढवून घ्यावं लागतं. न चढवता फिरवली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढं करून हात वर करू शकते. ज्या इंजिनाचे कागदच नाहीत ते कुठल्या गाडीतून आलं हेही कुणाला माहीत नसतं, चोरीच्या गाडीतलं निघालं तर नसता ताप. तुमच्या काकांना विचारा, कुठं बांधून घेतलं होतं, कुणाकडून घेतलं होतं, जुना माणूस सांगतो.

नंबर जुळला आणि तरी पाच गिअर लागत असतील, तर केस १०० चीच ठेवून आतला गिअरसेट बदललाय असं समजायचं. मग ब्लॉक कुठला आहे ते बघावं लागेल, कारण पिस्टन-रिंग आणि जेट ब्लॉकवर ठरतात. आरएक्स १०० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली चाल) ५०, त्याचे ९८ सीसी होतात. १३५ चा स्ट्रोक तोच ५०, पण बोअर ५८, त्याचे १३२ सीसी. म्हणून प्लगच्या भोकातून स्पोक घालून पिस्टन किती वर-खाली होतो ते मोजून काही उपयोग नाही, दोन्हीत सारखंच येतं. हेडचे चार नट सोडायचे, हेड उचलायचं आणि व्हर्नियर लावून बोअर मोजायचा. ५० ते ५१ च्या दरम्यान आलं तर १०० चा ब्लॉक, वरचा थोडा फरक म्हणजे आधी बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकलाय, पिस्टनच्या डोक्यावर २५, ५०, ७५ असा आकडा ठोकलेला दिसेल तोच तो ओव्हरसाइज. हेड तसंही उघडावंच लागणार आहे, दहा वर्षं उभ्या गाडीचा बोअर डोळ्याने बघितल्याशिवाय किक मारू नये. काही ब्लॉकवर १एल१ असं ओतीव लिहिलेलं सापडतं, लोक त्याच्यावर जीव टाकतात आणि त्याचे वेगळे पैसे मोजतात, पण ती ब्लॉकची ओळख झाली, गाडीची नाही. ब्लॉक चार नटांवर बदलतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ही तुम्हाला अजून कुणीच विचारलेली नाही. ऑइल पंप जोडलेला आहे का?

आरएक्स १०० ला कंपनीतून ऑटोल्यूब पंप येतो. साइड पॅनलखाली टूटीची वेगळी छोटी टाकी असते, तिथून ऑइल पंपात जातं आणि ॲक्सिलेटर जेवढा ओढाल त्या हिशोबाने पंप ते इंजिनात सोडतो. म्हणजे या गाडीत पेट्रोलच्या टाकीत ऑइल टाकायची गरज नसते. पण आपल्याकडे निम्म्या आरएक्सचे पंप कुणीतरी कधीतरी बंद केलेले असतात. पंप खराब झाला, नवीन महाग पडला, फिटर म्हणाला काढून टाकू आणि पेट्रोलमध्येच मिसळत जा, झालं. पुढं गाडी दुसऱ्याच्या हातात गेली की त्याला हे माहीत नसतं, तो साइडच्या टाकीत ऑइल भरून निवांत गाडी पळवतो आणि इंजिनात थेंबही जात नाही. उन्हाळ्यात कोल्हापूर रोडला ऐंशीच्या स्पीडवर मागचं चाक जाम झालेल्या गाड्या टेम्पोत घालून आणलेल्या बघितल्यात, ब्लॉक उघडला की पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे आणि ॲल्युमिनियम ब्लॉकला चिकटलेलं. यात माणूस पडतो हा त्यातला खरा धोका आहे, पिस्टन-ब्लॉक तर पैशाने परत मिळतो.

म्हणून पंपाचं कव्हर काढा. साइडच्या टाकीतून येणारी नळी पंपाला लागलीय का, पंपातून पुढं इंजिनात जाणारी बारीक नळी लागलीय का, ॲक्सिलेटरची दुसरी केबल पंपाच्या चाकाला येतेय का, ते बघा. नळीच्या जागी स्क्रू नाहीतर बोल्ट ठोकलेला दिसला तर पंप बंद आहे. सगळं जागेवर असेल तरी दहा वर्षांनी त्या नळ्या कडक होऊन तडकलेल्या असतात, त्या बदलायच्या, जुनं ऑइल काढून टाकायचं, नवीन भरायचं आणि पंपाचा हवा काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे बंद होईपर्यंत ऑइल वाहू द्यायचं. केबलची खूण जुळवायची. आणि एवढं करूनही पहिली टाकी भरताना पेट्रोलमध्येसुद्धा लिटरला २० मिली टूटी मिसळायचं. पंप चालतोय हे सिद्ध होईपर्यंत हा विमा आहे. थोडा जास्त धूर मारेल, प्लग जरा काळा पडेल, पडू द्या. साइडच्या टाकीवर मार्करने खूण करून ठेवा, शंभरेक किलोमीटरनंतर पातळी खाली गेलेली दिसली की समजायचं पंप ओढतोय, मग पेट्रोलमधलं मिश्रण बंद.

पंप बंदच असेल आणि बंदच ठेवणार असाल तर मिश्रण कायमचं. गणित सोपं आहे, लिटरला २० मिली म्हणजे पन्नासास एक, ३० मिली म्हणजे तेहतिसास एक, ४० मिली म्हणजे पंचविसास एक. आरएक्सला नवीन पिस्टन बसवला असेल तर सुरुवातीला ३० ठेवा, रिंग बसल्यावर २५ च्या आसपास या. जुन्या जावा, येझदी, राजदूत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणाऱ्या, त्यांना ३० ते ४० मिली लागतं, अपवाद येझदीच्या ऑइल किंगचा, तिला पंप होता आणि नावही त्यावरूनच पडलं. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये हलवून करा आणि मग टाकीत ओता. पेट्रोल पंपावर उभं राहून आधी पेट्रोल आणि वरून ऑइलचं पाऊच पिळलं की ऑइल तळाला कॉकवर जाऊन बसतं आणि पहिली दहा किक फुकट जातात.

टूटी कुठलं, तर डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेलं बघा. एफबी हा खालचा दर्जा, धूर आणि कार्बन जास्त, सायलेन्सर चोंदतो. एफडी सगळ्यात स्वच्छ जळतं. ब्रँड कुठलाही चालेल, हा शिक्का पाहिजे. बोटीच्या इंजिनाचं टूटी मिळतं, त्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं असतं, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे, कोकणात कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी हवेवर थंड होणाऱ्या गाडीत टाकू नका. आणि फोरटीचं (फोर-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही, ते जळायला बनवलेलंच नसतं, राख सोडतं आणि प्लग मारतं.

हे झालं जळणारं ऑइल. आता गिअरबॉक्स. टू-स्ट्रोक गाडीत क्रँकला टूटी मिळतं, पण गिअर आणि क्लच वेगळ्या खोलीत असतात आणि त्यांना वेगळं ऑइल लागतं, जे जळत नाही आणि बदलावं लागतं. दुसरा मित्र म्हणतो इंजिन ऑइल नसतंच, तो हे विसरला. आरएक्सला इथं साधारण ६५० मिली ऑइल बसतं. आणि याच ऑइलमध्ये क्लच प्लेटा बुडालेल्या असतात, म्हणून इथं ९० नंबरचं गिअर ऑइल ओतायचं नाही, प्लेटा चिकटतात आणि गिअर टाकताना गाडी पुढं झेप घेते. कारचं ऑइलही नाही, त्यात इंधन वाचवण्यासाठी घसरट रसायनं घातलेली असतात, त्याने प्लेटा पकड सोडतात, घाटात ॲक्सिलेटर ओढला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर. मोटारसायकलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थच हा की भिजलेल्या क्लचला चालतं. एमबी लिहिलेलं असेल तर ते ॲक्टिव्हासारख्या स्कूटरसाठी, कारण तिथं क्लच कोरडा आणि ऑइलपासून लांब असतो.

तेव्हा तिसरा मित्र म्हणतो तो हीरोचा १०डब्ल्यू३० चा डबा गिअरबॉक्समध्ये चालेल, २०डब्ल्यू४० चालेल, अगदी बुलेटचं १५डब्ल्यू५० सुद्धा एमए२ असेल तर गिअरबॉक्सचं नुकसान करणार नाही, फक्त थंडीत सकाळी क्लच जरा ओढेल आणि पैसे उगाच जास्त जातील. मी २०डब्ल्यू४० टाकतो, साधं मिनरल. इथं सिंथेटिकवर खर्च करायची गरज नाही, या खोलीत जळणाची काजळी येत नाही आणि तापमानही फार चढत नाही. नऊशेचा अख्खा डबा मात्र ओतू नका, मोजून साडेसहाशे, जास्त झालं की ब्रीदरमधून (हवा सोडायच्या नळीतून) बाहेर येतं आणि क्लच जड होतो.

जुनं ऑइल काढताना ते एका पांढऱ्या डब्यात काढा आणि उजेडात बघा, यातून बरंच कळतं. चहासारखं दुधी दिसलं तर आत पाणी गेलंय, दोनदा स्वस्त ऑइल टाकून थोडं चालवून काढायचं आणि मग चांगलं भरायचं. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल साडेसहाशेपेक्षा बरंच कमी निघालं, तर उजव्या बाजूचं, क्लचकडचं क्रँकचं ऑइल सील गेलंय. इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून जाळतं, पांढरा धूर थांबतच नाही आणि लोक मात्र रिंग गेल्या म्हणून पिस्टन बदलत बसतात. डाव्या बाजूचं, मॅग्नेटकडचं सील गेलं तर त्याहून वाईट, तिथून हवा आत येते, मिश्रण कोरडं होतं, ॲक्सिलेटर सोडला तरी रेस लवकर उतरत नाही आणि गरम होऊन सीझ होते. दहा वर्षं उभ्या गाडीची दोन्ही सीलं सरळ बदला. सील स्वस्त असतं, काम तेवढं जरा किचकट आहे.

आता पेट्रोल. आधी हे डोक्यातून काढा की जुनी गाडी आहे, भारी आहे, तर तिला भारी पेट्रोल पाहिजे. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, दाबाखाली पेट्रोल आपोआप भडकू नये म्हणून असलेला सहनशक्तीचा आकडा आहे. आरएक्स १०० चं कॉम्प्रेशन साडेसहा-सातच्या घरात, जुन्या कास्ट आयर्न बुलेटचंही तसंच कमी, या गाड्या त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालायच्या. अलीकडचं साधं पेट्रोलच ९१ चं होतं आणि आताचं ई२० तर ९५ चं, कारण इथेनॉलचा ऑक्टेन मुळातच जास्त असतो. तेव्हा ऑक्टेन तुमची अडचणच नाही. अडचण आहे इथेनॉल, आणि ती तीन ठिकाणी.

पहिली अडचण रबराची. १९९१ चं पेट्रोल पाइप, कॉकमधला वॉशर, कार्बोरेटरच्या कपाचं पॅकिंग, फ्लोट निडलचं टोक, हे सगळं इथेनॉल डोक्यात ठेवून बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं आणि पेट्रोल गळायला लागतं, तेही गरम इंजिनावर. म्हणून चालू करायच्या आधीच कार्बोरेटरचं पूर्ण किट, कॉकचं किट आणि पाइप बदला. पाइप नायट्रिल रबराचा किंवा व्हायटॉनचा घ्या. दुकानात मिळतो तो पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप काही महिन्यांत पिवळा आणि ताठ होतो, तो नको.

दुसरी अडचण पाण्याची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला बसतात, नेमकं कॉकच्या तोंडाशी. मग पत्रा आतून गंजतो, कार्बोरेटरमध्ये पांढरी पूड धरते. आणि टूटी मिसळलेलं असेल तर ते वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, तळाचा जो भाग इंजिनात जातो त्यात ऑइल जवळपास नसतंच. कोकणात, पावसाळ्यात, अर्धी टाकी घेऊन महिनाभर उभी असलेल्या गाडीत हे होतं. रोजच्या गाडीत पेट्रोल आठवड्यात संपतं तिथं एवढी भीती नाही. तुमची गाडी रविवारची असणार, तर टाकी एकतर पूर्ण भरलेली ठेवा नाहीतर पूर्ण रिकामी, आणि उभी करताना कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

तुमच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे ते घरीसुद्धा बघता येतं. मोजपट्टी असलेली उंच काचेची नळी घ्यायची, औषधाच्या दुकानात किंवा लॅबच्या सामानाच्या दुकानात मिळते. मोकळ्या अंगणात, जवळ विडी-काडी काही नको. ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी, तोंड बंद करून हलवायचं आणि दहा मिनिटं उभं ठेवायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. १० चा थर २८ च्या आसपास गेला तर १८ मिली इथेनॉल उतरलं, म्हणजे ९० मध्ये वीस टक्के. १९ वर थांबला तर दहा टक्के. वापरलेलं ते मिश्रण परत टाकीत टाकायचं नाही एवढं सांभाळा. काही मित्रांनी ९५ वालं प्रीमियम पेट्रोल इथेनॉल नसलेलं समजून महिनोनमहिने भरलं, ही नळी दाखवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की इथेनॉल त्यातही आहे. १०० ऑक्टेनचं जे अतिमहाग पेट्रोल मोठ्या शहरातल्या मोजक्या पंपांवर मिळतं ते इथेनॉलशिवायचं असतं, गाडी सहा महिने उभी करणार असाल तर शेवटची टाकी त्याची भरणं परवडतं, रोजच्या चालवण्याला अजिबात नाही.

तिसरी अडचण मिश्रणाची, आणि टू-स्ट्रोकला हीच मारते. साधं पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एकाला पावणेपंधराच्या आसपास हवा लागते, ई२० ला साडेतेरा. म्हणजे तोच जेट ठेवून ई२० भरलं की इंजिनाला वाटतं पेट्रोल कमी येतंय, गाडी कोरडी चालते आणि तापते. नवीन फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर बघून कॉम्प्युटर हे सावरून घेतो, कार्बोरेटरला ते कळत नाही, आपणच सांगावं लागतं. मेन जेट एक नंबर वरचा टाकायचा, गरज लागली तर निडलची क्लिप एक खाच खाली म्हणजे निडल एक खाच वर. मग नवीन प्लग लावून मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरला पूर्ण ॲक्सिलेटरवर थोडं अंतर चालवायचं, तिथंच क्लच दाबून स्विच बंद करायचा, गाडी बाजूला घेऊन प्लग काढायचा. पांढरा दिसला तर अजून कोरडी आहे, जेट आणखी वाढवा. बिस्किट कलर आला तर जागेवर. काळा ओला आला तर जास्त झालं. घरापर्यंत हळूहळू आणून बघितलेल्या प्लगला काही अर्थ नसतो, तो आयडलिंगचा रंग असतो. रिंग-पिस्टन नवीन असतील तर हा प्रयोग रिंग बसल्यावर करा, आणि तोवर ई२० वर जेट जरा मोठाच ठेवा, सीझ होण्यापेक्षा धूर परवडला.

ॲव्हरेज पडतं का, तर पडतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ई२० वर तीन ते चार टक्के घट धरली होती. त्याहून खूप जास्त पडत असेल तर पेट्रोलला शिव्या देण्याआधी ब्रेक घासतायत का, एअर फिल्टर चोंदलाय का ते बघा.

बाकी ज्यांची गाडी आरएक्स नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो, पद्धत तीच, आधी इंजिन ओळखा. अलीकडच्या गाड्यांना चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो, सुरुवातीची तीन अक्षरं कंपनी सांगतात. एमबीएल हीरो, एमडी२ बजाज, एमडी६ टीव्हीएस, एमई४ होंडा, एमई३ रॉयल एनफिल्ड, एमई१ यामाहा. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, तेव्हा गोल दिसलं की शून्य लिहायचं, फॉर्म भरताना इथंच चुका होतात. एप्रिल २०२३ नंतरची गाडी असेल तर ती ई२० चालेल अशा साहित्याची आहे, निवांत भरा. त्याआधीची असेल तर मॅन्युअल आणि टाकीच्या झाकणाजवळचं स्टिकर बघा, आणि रबराचे पाइप वर्षातून एकदा हाताने दाबून बघत जा.

बुलेटवाल्यांनी मात्र नीट ऐका, कारण बुलेटला १५डब्ल्यू५० हे वाक्य सगळ्या बुलेटना लागू नाही. उजव्या पायाला गिअर असलेली जुनी कास्ट आयर्न बुलेट असेल तर तिच्यात तीन वेगळ्या खोल्या आहेत. इंजिनला २०डब्ल्यू५०, क्लचच्या चेनकेसला वेगळं मोजून इंजिन ऑइल, आणि गिअरबॉक्स तिसरा, त्याला जाड गिअर ऑइल. गिअरबॉक्समध्ये क्लच नसल्यामुळे तिथं ९० नंबर चालतं, जे आरएक्सला चालत नाही म्हणून वर सांगितलं. एका खोलीत भरून बाकीच्या दोन विसरलेल्या बुलेटा मी कायम बघतो, इंजिन ऑइल चकाचक आणि प्रायमरी चेन कोरडी ठणठणीत. २००९ च्या आसपास आलेलं यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेलं) इंजिन असेल तर इंजिन, क्लच, गिअर सगळ्यांना एकच ऑइल, तिथं १५डब्ल्यू५० एमए२ बरोबर.

स्प्लेंडर प्लस, पॅशन प्लस, सीडी डीलक्सचं इंजिन एकच, ९७.२ सीसीचं, त्यामुळे स्टिकर काहीही असो, १०डब्ल्यू३० एमए टाका आणि वेळेवर बदला. त्यात २०डब्ल्यू५० भरून गाडी स्मूथ झाली म्हणणारे भेटतात, आवाज थोडा दबतो हे खरं, पण थंडीत सकाळी वरच्या कॅमपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो आणि झीज तिथंच होते. ऑइल बाटलीबंद घ्या, झाकणाची सील आणि बॅच नंबर बघा, आणि रिकामी बाटली फिटरकडे ठेवताना झाकणाजवळ भोक पाडून ठेवा. तीच बाटली भरून परत विकतात.

तुमच्या गाडीकडे परत. एकदम किक मारू नका. टाकी उतरवून जुनं पेट्रोल काढा, वार्निशसारखा वास येत असेल तर ते परत वापरायचं नाही. टाकीत टॉर्च मारा, लाल गंज असेल तर आधी तो काढा, गंज न काढता आतून कोटिंग मारलं तर पापुद्रे सुटून कार्बोरेटरमध्ये येतात. प्लगच्या भोकातून थोडं टूटी सोडून रात्रभर मुरू द्या, सकाळी प्लग न लावता हाताने किक दाबून बघा. मोकळी फिरली तर हेड उघडा, अडकली तर जोर लावू नका, रिंग चिकटल्यात, ब्लॉक सोडवावा लागेल. एवढं करून चार गोष्टी कळवा: आरसीवरचा इंजिन नंबर आणि केसवरचा नंबर जुळतो का, बोअर किती आला, पंपाच्या नळ्या लागल्यात का, आणि गिअरबॉक्समधून किती नि कसं ऑइल निघालं. कुठला पिस्टन मागवायचा आणि कुठल्या नंबरच्या जेटपासून सुरुवात करायची ते त्यावर सांगतो.